मांडीचा 'आतला स्नायू वाळला' म्हणजे नेमकं काय, आणि आईच्या गुडघ्यासाठी काय करायचं

जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय: आईचं वय ५८, शेतात राबतात. सहा महिन्यांपासून डावा गुडघा दुखतो. पायऱ्या चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र कळ येते आणि कधीकधी गुडघा मधेच लचकतो. एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, "मांडीचा आतला स्नायू वाळलाय, त्याचा व्यायाम करा." मुलाचे प्रश्न तीन आहेत. दिवसभर कष्ट करणाऱ्या बाईचा स्नायू वाळेल कसा? नुसत्या त्या आतल्या स्नायूचा व्यायाम कोणता? आणि गावातल्या जिममध्ये बसून पाय वर उचलायचं मशीन आहे, त्यावर आईला बसवू का?

मी लातूरला २२ वर्षं फिजिओथेरपी करते. या तक्रारीच्या बाया रोज येतात आणि बहुतेकींचं बोलणं एकाच वळणाचं असतं: "मॅडम, चढायला जमतंय, पण उतरायलं की गुडघा दगा द्यायलाय." एवढं ऐकलं की निम्मं निदान होतं. चढताना नाही आणि उतरताना दुखतं, यातच त्या स्नायूची सगळी गोष्ट आहे. म्हणून आधी स्नायू नीट समजून घ्या. व्यायाम त्यातूनच निघतात.

सुरुवात हात लावून करा. आईंना ओसरीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबायला सांगा. आता वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं ठेवा. चांगल्या पायात तिथे आंब्याच्या कोयीसारखा फुगवटा टणक होऊन वर येतो. दुखऱ्या पायात तो उशिरा येतो, मऊ असतो किंवा येतच नाही. डॉक्टर ज्याला 'आतला स्नायू' म्हणाले तो हाच. नाव व्हॅस्टस मेडिअलिस. बाहेरच्या बाजूलाही असाच एक स्नायू हाताला लागेल, पण तो वाटीच्या बराच वर संपतो. आतला मात्र वाटीच्या कडेपर्यंत उतरतो.

हे दोन्ही एका मोठ्या स्नायूचे भाग आहेत. त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात, पुस्तकी मराठीत चतुःशिर. चार ठिकाणांहून निघून एकाच जागी येणारा, म्हणून हे नाव. मधोमध वरून जाणारा रेक्टस फेमोरिस थेट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून सुरू होतो. चौघांत खुबा ओलांडणारा तो एकटाच, त्यामुळे मांडी पोटाकडे उचलायलाही तोच मदत करतो. बाकीचे तिघे मांडीच्याच हाडावरून निघतात. बाहेरचा व्हॅस्टस लॅटरॅलिस चौघांत सगळ्यात मोठा. बाळाला पेंटाची (पाच रोगांवरच्या लसीची) सुई आरोग्यसेविका डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला देतात ना, ती याच स्नायूत. तिथे मांस भरपूर असतं आणि जवळ मोठी नस किंवा रक्तवाहिनी नसते.

तिसरा, व्हॅस्टस इंटरमीडियस, खाली लपलेला असतो, हाडाला चिकटून. तो बाहेरून दिसत नाही, पण मांडीचं हाड मोडलं की आपलं अस्तित्व दाखवतो. हाड जुळताना हा स्नायू त्या जागी चिकटून बसतो आणि मग गुडघा वाकेनासा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मांडी मोडलेली माणसं मी कितीतरी वर्षांनंतर तपासली आहेत. हाड उत्तम जुळलेलं, आणि गुडघा जेमतेम ४० अंश वाकणारा. त्या काळात, त्या गर्दीत, हाड बसवून जीव वाचवणंच मोठं काम होतं. गुडघा हलवत ठेवायला कुणाला उसंत होती!

चौघे मिळून वाटीच्या वरच्या कडेला एका जाड पट्ट्यात येतात. तो पट्टा वाटीला धरून खाली जातो आणि नडगीच्या हाडावर, गुडघ्याखाली बोटाला लागणाऱ्या उंचवट्यावर पक्का होतो. वाटीचं काम समजायला विहिरीवरची मोट आठवा. नाडा चाकावरून जातो म्हणून बैलांची ओढ कामी येते. वाटीही स्नायूची दोरी गुडघ्याच्या आसापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत पाय जास्त जोराने सरळ होतो. फरक एवढाच की चाक जागेवर पक्कं असतं आणि वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकत राहते. ती सरकताना तोल सांभाळावा लागतो, आणि आतल्या स्नायूची खरी गरज तिथे आहे.

मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे तिरपं आत येतं, नडगी मात्र सरळ खाली जाते. त्यामुळे स्नायू आवळला की वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. कंबर रुंद असल्याने बायकांत हा तिरपेपणा सहसा थोडा जास्त असतो. देवाने यावर दोन बंदोबस्त केलेत. एक, खाचेची बाहेरची भिंत उंच आहे. दोन, आतल्या स्नायूचे खालचे तंतू आडवे होत जातात. वरचे तंतू हाडाच्या रेषेपासून साधारण १५ ते १८ अंशांवर असतात, खालचे ५० ते ५५ अंशांवर, म्हणजे ते वाटीला वर कमी आणि आत जास्त ओढतात. गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटी खाचेत नीट बसलेली नसते, भिंतीचा आधार नसतो. त्या वेळी वाटीला जागेवर ठेवायला हे तंतूच असतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर इथेच आहे. १९६८ साली लीब आणि पेरी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पायांवर प्रयोग केले. चार भागांना वेगवेगळी वजनं लावून कोणता भाग काय करतो ते पाहिलं. तोपर्यंत सगळे मानत होते की शेवटचे १५ अंश गुडघा सरळ करणं हे आतल्या स्नायूचं खास काम. प्रयोगात निघालं भलतंच. आतल्या स्नायूचा आडवा भाग एकट्याने गुडघा सरळ करूच शकत नाही. तो वाटी बाहेर जाऊ देत नाही, आणि त्यामुळे बाकीच्यांची ओढ वाया जात नाही. शेवटचे १५ अंश अवघड जातात ते संपूर्ण स्नायूला तिथे सुमारे ६० टक्के जास्त जोर लावावा लागतो म्हणून.

त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली आणि ती मला रोज उपयोगी पडते. वाळताना आतला स्नायूच आधी वाळल्यासारखा दिसतो, कारण त्याच्यावरचं आवरण पातळ असतं आणि तो खालपर्यंत उतरलेला असतो. बाहेरच्या स्नायूवर जाड पट्टा असतो, त्याची झीज झाकली जाते. म्हणजे 'आतला वाळला' असं दिसलं की चारही वाळलेत असं समजावं. आईंच्या दोन्ही मांड्या मोजून बघा. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटीमीटर वर पेनाने खूण करा आणि शिंप्याची टेप न आवळता फिरवा. एखाद्या सेंटीमीटरचा फरक धडधाकट माणसातही असतो. दोन किंवा त्याहून जास्त निघाला तर स्नायू खरंच गेलाय.

म्हणून नुसत्या आतल्या स्नायूचा व्यायाम शोधू नका. तसा व्यायाम नाही. मांड्यांत चेंडू दाबून बसा, पाऊल बाहेर वळवून पाय उचला, असे सल्ले मीही सुरुवातीची काही वर्षं दिले. पण चारही भागांना हुकूम एकाच नसेतून जातो, फेमोरल नसेतून, आणि ते एकत्रच कामाला लागतात. संपूर्ण स्नायू तयार झाला की आतला आपोआप भरतो.

आता पहिला प्रश्न, आणि तो फार रास्त आहे. राबणाऱ्या बाईचा स्नायू वाळतो कसा?

कापूस वेचताना बाई कशी उभी असते ते एकदा नीट बघा. पाय जवळजवळ सरळ, वाकलेली फक्त कंबर. भार कमरेवर आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर, पुढचा स्नायू जवळपास मोकळा. खुरपताना ती पूर्ण उकिडवी बसते. तेव्हा पोटरी आणि मांडी एकमेकांवर टेकलेली असतात, वजन त्या टेकणीवर आणि सांध्यावर जातं, स्नायूला फारसं धरून ठेवावं लागत नाही. सरी संपली की उठताना हात गुडघ्यावर किंवा जमिनीवर. सपाट रानातून घरी चालत येताना तर या स्नायूला हलकंच काम. दिवसभरात दहा तास कष्ट होतात, घाम गळतो, पाठ मोडते, पण या एका स्नायूला त्याच्या ताकदीइतका भार एकदाही मिळत नाही. वरून गुडघा दुखायला लागला की बाई नकळत सगळा भार चांगल्या पायावर घेते. आईंनी हलगर्जी केली असं यातून कुणी काढू नये.

दुसरं कारण गुडघ्याच्या आत आहे. झीज झालेल्या गुडघ्यात अधूनमधून पाणी होतं. पाणी झालं की सांध्याच्या पडद्यातून मज्जारज्जूला निरोप जातो आणि तिथून स्नायूचा हुकूमच कमी केला जातो. निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाइन सोडून हे तपासलेलं आहे. नुसत्या २० ते ३० मिलीलीटर पाण्याने आतला स्नायू मंदावतो, बाहेरचा आणि मधोमधचा रेक्टस मंदावायला ५० ते ६० मिलीलीटर लागतं. ३० मिलीलीटर म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं टोपण तीनदा भरेल एवढं. डोळ्यांना सूज दिसणारही नाही. बाई मनापासून व्यायाम करते, पण स्नायूपर्यंत पूर्ण हुकूम पोचतच नाही. 'महिनाभर व्यायाम केला, काही फरक नाही' म्हणणाऱ्या कित्येकींचं गुपित हेच निघतं.

आता उतरण्याकडे. या स्नायूचं काम पुस्तकात 'गुडघा सरळ करणे' असं लिहितात. ते खरं आहे, पण चेंडूला लाथ मारावी तसा गुडघा झाडून सरळ करायची वेळ दिवसात कितीदा येते? त्याचं रोजचं काम आहे गुडघ्याला सावकाश वाकू देणं. भरलेली बैलगाडी उतारावर थोपवताना बैल मागे रेटून धरतात, तसं. खुर्चीत बसताना आपण धपकन पडत नाही, पायरी उतरताना वरचा पाय हळूहळू वाकत शरीर खाली सोडतो, चालताना टाच टेकली की गुडघा थोडा वाकतो पण कोसळत नाही, हे सगळं हाच स्नायू करतो. तेव्हा तो लांब होत असतो आणि तरीही ताण धरून असतो. चढताना नितंबाचा स्नायू, पोटरी, पुढे झुकलेलं धड, कठड्यावरचा हात, सगळे थोडा थोडा भार घेतात. उतरताना बाकीचे हात वर करतात आणि बहुतेक भार यावर येतो.

आत्ता उभे राहून बघा. गुडघा सरळ ठेवून, स्नायू ढिला सोडून वाटी बोटांनी हलवा, मोकळी सरकेल. म्हणजे सरळ उभं असताना स्नायू आराम करतो. आता गुडघा किंचित वाकवा, वाटी लगेच आवळून घट्ट होईल. ज्यांचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही त्यांचा स्नायू उभ्या उभ्यासुद्धा राबत असतो. संध्याकाळी 'मांड्या भरून आल्या' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे या नजरेने बघा.

वाटीमागे किती दाब येतो याचा अंदाज १९७२ साली रायली आणि मार्टेन्स यांनी काढला होता. सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा, जिन्यावर सव्वातीन पट, आणि पूर्ण बैठक मारून उठताना साडेसात पटीच्या वर. ६० किलोच्या बाईला अनुक्रमे ३० किलो, २०० किलोच्या आसपास आणि साडेचारशे किलोहून जास्त. स्नायू दमदार असला की हा दाब वाटीवर नीट पसरतो आणि गुडघा हळू वाकतो. कमजोर असला की दर पायरीला धक्का बसतो.

हा स्नायू अजिबात नसेल तर काय होतं ते आपल्या गावांत चाळिशी-पन्नाशीच्या माणसांत अजून दिसतं. लहानपणी पोलिओ झालेला माणूस दर पावलाला मांडीवर हात दाबून चालतो. तो हात म्हणजे त्याचा क्वाड्रिसेप्स. गुडघा कोसळू नये म्हणून तो हाताने मागे रेटत असतो. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पुढच्या पिढीला हे चालणं बघावं लागणार नाही याचं मला मनापासून समाधान वाटतं. आईंचा गुडघा लचकतो तेव्हा हेच क्षणभर घडतं, स्नायू पाव सेकंद सुटतो.

औसा भागातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या, ५५ वर्षांच्या. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, वाळवण घालायला चढायच्या आणि उलट्या उतरायच्या, म्हणजे भिंतीकडे तोंड करून, लहान मुलासारख्या. सुना हसायच्या. मी सांगितलं, हसू नका, शहाणपण आहे ते. उलटं उतरताना धड पुढे झुकतं, नितंबाचा स्नायू भार वाटून घेतो, गुडघा कमी वाकतो. त्यांच्या शरीराने स्वतःच वाट काढली होती. पण वाट काढून स्नायू भरत नाही, उलट आणखी बसतो. त्यांच्या मांडीत तीन सेंटीमीटरचा फरक होता.

त्यांना जे दिलं तेच थोडं बदलून आईंसाठी सांगते.

पहिले दोन आठवडे पाणी उतरवायचं. उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं बंद, खुरपणी करायचीच तर छोट्या पाटावर किंवा पालथ्या पाटीवर बसून. शौचालयात खुर्ची ठेवता आली तर फार बरं. गुडघा गरम लागत असेल तर बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. याच काळात वर सांगितलेली टॉवेलची गुंडाळी: दाबायची, पाच ते दहा सेकंद धरायची, सोडायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बोटं त्या कोयीच्या जागेवर ठेवून करायला सांगा. स्नायू टणक झाल्याचं स्वतःच्या बोटाला कळलं की तो पुढच्या वेळी जास्त जोराने येतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. दुर्लक्षित स्नायूला हाताची ओळख लागते.

मग सरळ पाय उचलून बघा. गुडघा ताठ ठेवून टाच वीतभर वर. उचलताना गुडघा आधी किंचित वाकतो का? वाकत असेल तर शेवटचे अंश स्नायूला झेपत नाहीत, अजून आठवडाभर गुंडाळीवरच थांबा. पाय उचलणं हा व्यायाम सगळीकडे छापील कागदावर देतात आणि बाया तोच वर्षानुवर्षं करतात. सुरुवातीला ठीक आहे. पण त्यात खुबा ओलांडणारा रेक्टसच बरंचसं काम करतो आणि भार असतो नुसत्या पायाचा. त्यावर थांबून उतरणं सुधारत नाही.

खरं काम तिसऱ्या आठवड्यापासून, खुर्चीवर. प्लास्टिकची नको, सरकते. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर, पावलं थोडी मागे. उठायचं सहज, बसायचं मात्र चार आकड्यांत. औशाच्या मावशी आकडे मोजत नव्हत्या, बसता बसता चार वेळा 'विठ्ठल' म्हणायच्या. चौथा विठ्ठल झाला की बूड खुर्चीला लागायला हवं, आधी नाही. आठ ते दहा वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा, असे तीन फेरे. एक दिवसाआड. कठीण गेलं तर खुर्चीवर दुमडलेली गोधडी टाकून उंची वाढवा, सोपं झालं की गोधडी काढा. तेही सोपं झालं की दुखऱ्या पायाचं पाऊल थोडं आणखी मागे घ्या, भार त्यावर जास्त येतो.

हे बिनत्रासाचं झालं की पायरी. एक वीट आडवी ठेवा, भिंतीला हात. दुखरा पाय विटेवर, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर. टाच टेकवताना वजन खाली टाकायचं नाही, नुसता स्पर्श. समोर आरसा असेल तर बघायला सांगा, गुडघा आत कोसळतो का. तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. कोसळत असेल तर खुब्याच्या बाजूचा स्नायूही कमजोर आहे. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, तेही दहा-दहा वेळा. वाटीच्या दुखण्यात खुब्याचा व्यायाम जोडला की नुसत्या मांडीच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडतो, हा माझाही अनुभव आहे आणि अभ्यासही तेच सांगतात. एका विटेवरून दोन विटांवर जायला तीन-चार आठवडे लागू द्या.

दुखेल का? थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ जागी आलं पाहिजे. रात्री ठणकलं किंवा सकाळी गुडघा फुगलेला वाटला तर भार निम्मा करा, बंद मात्र करू नका. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढते पण मांडी तेवढीच दिसते, कारण आधी हुकूम सुधारतो, मांस नंतर भरतं. टेपवर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत जिन्यावर एक नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

मशीनचं सांगते. ते वाईट नाही, पण कोणत्या टप्प्यात वापरता याला महत्त्व आहे. बसून पाय वर उचलताना, गुडघा जसजसा सरळ होतो तसतसा वाटीमागचा दाब कमी जागेवर एकवटतो. खुर्चीवरून उठता-बसताना उलटं असतं, जास्त वाकल्यावर ताण वाढतो. म्हणून मशीनवर गुडघा काटकोनातून अर्धा सरळ होईपर्यंतच उचलायचा, साधारण ९० ते ४५ अंश, आणि वजन एवढंच की दहा वेळा झेपावं. पूर्ण झाडून सरळ करणं, तेही जड वजनाने, आईंना नको. आणि मला विचाराल तर त्या जिमला जाण्यायेण्यापेक्षा घरची खुर्ची बरी. उतरायची सवय मशीनवर बसून होत नाही.

स्नायू भरायला खाणंही लागतं. आपल्याकडे बाया सगळ्यांना वाढून शेवटी भाकरी आणि ठेच्यावर भागवतात. रोज दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, दूध किंवा ताक, चालत असेल तर दोन अंडी, एवढं तरी आईंच्या ताटात पडतंय का ते तुम्ही स्वतः बसून बघा.

शेवटी काही गोष्टी, ज्या असतील तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप. गुडघा एका जागी अडकून न वाकणं, न सरळ होणं. पडल्यानंतर वाटीच्या वर खड्डा लागणं आणि सरळ पाय उचलताच न येणं, यात स्नायूचा पट्टा तुटलेला असू शकतो आणि तिथे दिवस घालवले तर नुकसान होतं. आणि एक गोष्ट फार वेळा सुटते: मांडी झपाट्याने वाळली, मांडीतच ठणका आहे, त्वचा बधीर वाटते किंवा कंबरेतून कळ येते, तर दोष गुडघ्यात नसून नसेत असू शकतो. कंबरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मणक्याजवळून निघणाऱ्या नसा या स्नायूला चालवतात. मधुमेहातही मांडीची नस अशीच बिघडते. गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का हे डॉक्टर बघतात, ते याच वाटेची चाचणी घेत असतात. पाय उडत नसेल तर गुडघ्याच्या व्यायामावर महिने घालवण्यात अर्थ नाही. आईंची साखर गेल्या वर्षभरात तपासली नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या.

औशाच्या मावशी बाराव्या आठवड्यात आल्या तेव्हा फरक दीड सेंटीमीटरवर आला होता. माळवदावरून आता सरळ उतरतात, कठड्याला हात धरून. गुडघ्यातली झीज तेवढीच आहे, ती जाणारही नव्हती. आईंची दोन्ही मापं, तारीख घालून, आजच कुठेतरी लिहून ठेवा. एका दमात खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात हात न लावता किती वेळा उठता येतं तेही मोजा. साठीच्या आसपास बाईला बारा वेळा तरी यायला हवं. आठ आठवड्यांनी हेच दोन आकडे पुन्हा घ्या आणि मला कळवा, मग पुढची वीट ठरवू.